उरणच्या धक्क्यावरचा टॉवर

नेटवर्कला शिव्या घालायच्या आधी हे ऐका. मी पनवेलच्या ऑफिसातून टॉवर सांभाळायचो तेव्हा उरणच्या धक्क्यावरून तक्रार आली, बोट किनाऱ्याजवळ आली की फोनच लागत नाहीत. जाऊन बघतो तर सगळ्या कोळणी एकदम फोन लावतायत.

म्हटलं, "मावशी, टॉवर प्रत्येक फोनला पाळी देतो. सगळ्या एकदम घुसलात तर कुणालाच मिळत नाही. एकेकीने लावा."

हिरामावशीचा लगेच लागला. तिने नवऱ्याला झापत विचारलं, बर्फ किती मागवू. पुढच्या दोघींनीही आपापल्या नवऱ्याला तेच विचारलं. सगळ्यांचे नवरे एकाच बोटीवर.

"मग एकीनेच विचारा की."

हिरामावशी शेजारच्या कोळणीकडे बोट दाखवत म्हणाली, "बर्फाचं ही विचारंल. पन माज्या नवऱ्यावर वरडायला मी हिला कशाला देऊ?"