जुन्या प्रेसचा नवा रंग

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दोघं ट्रेलरची वाट बघत बसले होते. एकानं जुनी फोर्जिंग प्रेस विकली होती, दुसऱ्यानं घेतली होती. पार्सल न्यायला आलेली शिंपीण पावती हातात आली तरी उठेना.

“जुनी प्रेस विकताना कुणी नवा रंग देतं का? मी दारातूनच मागे फिरणार होतो.”

“वडिलांना मी तेच सांगत होतो. गिऱ्हाइकाला वाटेल, तडा गेलाय आणि आपण तो झाकतोय.”

“वाटलंच मला. म्हणून तर चावीनं खरवडून पाहिलं.”

“सापडलं काही?”

“तडा नाही सापडला. तुमचे वडील मात्र तोंड फिरवून निघून गेले. रागावले असतील.”

“राग नाही हो. तापलेलं लोखंड जन्मभर तिच्याखाली धरलं त्यांनी. म्हणाले, दुसऱ्याच्या दारात जायचीय, अशी कळकट नाही धाडायची.”

“मग तसं सांगायचं ना मला.”

“पटलं असतं तुम्हाला?”

“नसतं पटलं.”

फोन वाजला.

“बोला बाबा. हो, इथंच बसलेत ते. बरं, सांगतो.”

“काय म्हणतात?”

“क्रेनवाल्याला म्हणावं, डाव्या बाजूनं साखळी घालू नको. तुम्ही खरवडलं होतं तिथला रंग अजून ओला आहे.”