लाव्हेलच्या आईचा निरोप घेताना

ओडेलाबाई : ते सगळं रेडिओवर ऐकलं मी. तुमच्या तोंडून ऐकायचंय. कॉलेज सोडताय?

कोच डॅनर : हो. टेक्ससला चाललोय. मोठं कॉलेज आहे. सही झाली.

ओडेलाबाई : अभिनंदन म्हणतात ना अशा वेळी? म्हटलं समजा.

कोच डॅनर : फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं.

ओडेलाबाई : दोन वर्षांपूर्वी ह्याच टेबलाशी चिकन दोनदा मागून घेतलंत. म्हणालात, 'पोरगं माझ्या हवाली करा, पदवी हातात देऊनच परत आणीन.' लाव्हेलला न्यायला आलेल्या बाकीच्या कोचनी मला मैदानाचे फोटो दाखवले. मी मैदान नाही बघितलं, माणूस बघितला.

कोच डॅनर : आठवतंय.

ओडेलाबाई : आठवतंय, की सगळीकडे तेच बोलता म्हणून पाठ आहे?

कोच डॅनर : पाठ आहे.

ओडेलाबाई : चला, एक तरी खरं बोललात. लाव्हेलला सांगितलंत?

कोच डॅनर : सगळ्या पोरांना एकत्र बसवून सांगितलं. सगळ्यांत आधी टाळ्या त्यानेच वाजवल्या. त्याला वाटलं, तोही येतोय बरोबर.

ओडेलाबाई : आणि येत नाहीये.

कोच डॅनर : मोजकीच पोरं नेता येतात. पळणारी. त्याचा गुडघा...

ओडेलाबाई : गुडघा दुखतोय म्हणत होता तो. 'अजून एकदा मैदानात उतर' कोण म्हणालं होतं?

कोच डॅनर : मीच.

ओडेलाबाई : त्याची फी फुटबॉलवर माफ आहे. नव्या कोचने काढला तर शिक्षणही संपलं, गॅरेजात टायर बदलत बसेल बापासारखा. त्याला ठेवा, एवढं तरी सांगितलंत का कोणाला?

कोच डॅनर : नाही.

ओडेलाबाई : विसरलात?

कोच डॅनर : विसरलो नाही. फोन हातात घेतला, परत ठेवला.

ओडेलाबाई : आता करा. माझ्यासमोर.

कोच डॅनर : मी पाठ फिरवली त्यांच्याकडे, बाई. माझ्या शब्दाला तिथे आता कुत्रं विचारणार नाही.

ओडेलाबाई : लाज नाही वाटत?

कोच डॅनर : वाटायची. पहिलं कॉलेज सोडलं तेव्हा एका आईला असंच सांगून निघालो आणि गाडी कडेला लावून रडलो. आता गाडीत बसून रडू यायची वाट बघतो. काही येत नाही. माझी बायको जोआन घर सोडून गेली, त्या संध्याकाळीही मी सरावाला गेलो. आणि सराव चांगला झाला.

ओडेलाबाई : बोलाचीच कढी, बोलाचाच भात. चूक माझीही आहे म्हणा. जेवू घातलं की माणूस बांधला जातो, असं वाटायचं मला.

(बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो.)

ओडेलाबाई : कोण आहे?

कोच डॅनर : सहायक माझा. पुढच्या गावात नव्या कॉलेजसाठी एक पोरगा बघायचाय. लाव्हेलच्याच जागी खेळतो.

ओडेलाबाई : घरी कोण असतं त्याच्या?

कोच डॅनर : आई. एकटीच.

ओडेलाबाई : तिला काय सांगणार?

कोच डॅनर : तुम्हाला सांगितलं तेच.

ओडेलाबाई : हं.

कोच डॅनर : ओडेलाबाई, सकाळपासून पोटात काही नाही. दोन घास मिळाले असते तर...

ओडेलाबाई : नाही, कोच. ती बाई पहाटेपासून शेगडीपाशी उभी असेल. तिच्याकडे भुकेले जा.