दोडक्यावरच्या कोळ्याचं नाव

साई: घ्या ना आजी, पेढा घ्या. आनंदाची बातमी आहे, नाही म्हणू नका.

मालनबाई: पेढा कुठं पळून चाललाय? आधी ते छापलेलं दाखव, डाक्टर. सकाळपासून पडवीत डोळे लावून बसलेय मी.

मंजुषा: नवी साडी नेसून बसलीये, बघितलंस का? म्हटलं, आई, शोधनिबंध म्हणजे काही लग्नपत्रिका नाही. ऐकते कुठे!

मालनबाई: गप गं तू. माझ्या मळ्यातला कोळी जगात जाणार, अन् मी काय शेणाच्या हातानं बसू? दाखव रे.

साई: हे बघा. पहिल्याच पानावर ताईंनी काढलेला फोटो आहे. दोडक्याच्या पानावर बसलेली मादी.

मालनबाई: आगं बया! हीच ती. पाठीवर तांबडा टिळा. अन् डोळे बघ कशी वटारतेय, जशी काय मीच तिच्या मांडवात घुसले. मंजू, तू पोटावर झोपून काढलेला ना हा? गोरक्ष हसत व्हता, म्हणे आईची लेक दोडक्याला लोटांगण घालते.

मंजुषा: हसू दे दादाला. तीन पावसाळे गेलेत माझे त्या मांडवाखाली.

मालनबाई: मग आता माझं नाव कुठाय? मला इंग्रजी येत नाय, तू नुसतं बोट ठेव. मी बघून घेते.

साई: दाखवतो की. जरा पाणी मिळेल का? ऊन काय आहे हो आज.

मंजुषा: तांब्या शेजारीच आहे. आण तो कागद, मी दाखवते तिला.

साई: ताई, एक मिनिट. आधी मी जरा बोलतो.

मंजुषा: वाचते आणि मग बोल... साई. हे काय आहे?

साई: तेच सांगत होतो.

मंजुषा: कलावती? ही कलावती कोण?

मालनबाई: काय झालं? कोण कलावती?

मंजुषा: तू थांब आई. मी ह्याला विचारतेय. कोण आहे ही?

साई: आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मातोश्री. ताई, माझ्या हातात नव्हतं. शेवटच्या आठवड्यात सरांनी नाव बदललं. नवा मायक्रोस्कोप अध्यक्षांनी दिलाय, सगळी लॅबच त्यांच्या पैशावर उभी आहे. सर म्हणाले, एवढं तरी करायला पाहिजे.

मंजुषा: एवढं तरी? अच्छा, त्या कलावती! गेटवर त्या बाईंचं नाव आहे. हॉलवर आहे. तुमच्या कॉलेजच्या बसवर आहे, ती रोज शहरात माझ्या घरावरून, इंदिरानगरातून जाते. आता एक कोळी राहिला होता, तोही लागला का?

मालनबाई: मंजू, मला नीट सांग. माझं नाव नाय का त्यात?

मंजुषा: नाही आई.

मालनबाई: कुठंच नाय?

साई: आहे आजी! शेवटी आभार मानलेत ना तुमचे. हे बघा, इथं. 'श्रीमती मालनबाई, स्थानिक शेतकरी महिला'. मी स्वतः लिहिलंय.

मालनबाई: मालनबाई.

साई: हो, स्पष्ट लिहिलंय.

मालनबाई: ते तर मतदानाच्या कार्डावरबी हाय, डाक्टर. त्याच्यासाठी कोळी मारायची काय गरज व्हती?

मंजुषा: विसरलास ना? ह्याच पडवीत बसून भाकरी खाल्लीस आणि म्हणालास, ताई, जात नवी निघाली तर नाव ठेवायचा मान आपला. मी म्हटलं, माझं नको, आईचं दे. माहेरचं दे. झुंबर. आणि तू काय म्हणालास? फार गोड नाव आहे, लॅटिनमध्ये छान बसेल.

साई: बसत होतंच. मसुद्यात मी तेच टाकलं होतं. शपथ घेतो ताई.

मालनबाई: शपथ नको घेऊ. पेढे खाताना शपथ घेऊ नये.

मंजुषा: तुला हे नाव म्हणजे लाड वाटले का रे? माझ्या आजीचंही नाव झुंबर. सासूचं आणि सुनेचं नाव एकच, म्हणून लग्नात हिचं बदललं. ताटात तांदूळ पसरले, माझ्या वडिलांनी, आप्पांनी, अंगठीनं त्यात मालन लिहिलं, झालं काम.

मालनबाई: नुसतं बदललं असतं तर चाललं असतं गं. सगळ्यांचंच बदलायचे. पण सासूचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नसतं. म्हंजे माझं मला घेता येईना! घरात कोणी दिव्याच्या झुंबराचं बोललं तरी मी आपली मान खाली. माझा बाप लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्ती धरायचा, डाक्टर. कुठं तरी बड्या घरात त्यानं छताला झुंबर पाह्यलं. घरी आला तर मी झालेली. म्हणला, हीच आपली झुंबर. आपल्या घरात दुसरं कुठून येणार?

साई: आजी, मला खरंच वाईट वाटतंय.

मालनबाई: वाटू दे.

मंजुषा: बदल ते. दुरुस्ती छापा. तुमच्याकडे चुकांची दुरुस्ती छापतात, मला माहितीये.

साई: नाव एकदा छापलं की बदलता येत नाही ताई. तो नियमच आहे. पहिलं छापलेलं नाव कायम. शंभर वर्षांनीही तेच.

मालनबाई: बाई बाई. म्हंजे आमच्या तांदळापेक्षाबी पक्कं.

मंजुषा: तू मला फोन का नाही केलास? छापायच्या आधी?

साई: केला असता तर तुम्ही फोटो मागे घेतले असते.

मंजुषा: घेतलेच असते.

साई: मग निबंध अडकला असता. माझं कंत्राट जूनपर्यंतच आहे ताई. हा निबंध नसता तर मी पुढच्या वर्षी कुठे असतो, सांगा तुम्ही. तुमचं बरं आहे. तुम्ही हौस म्हणून करता. माझं पोट आहे त्याच्यावर.

मंजुषा: हौस! पांडवलेणीला रविवारी कोळी बघायला यायचास तेव्हा तुला नर कुठला न् मादी कुठली ते कळत नव्हतं. वही घेऊन माझ्या मागे मागे फिरायचास. तेव्हा ही हौसच कामाला आली ना तुझ्या?

साई: मी कधी नाकारलं ते?

मंजुषा: मी आयुष्यात एका किड्याला हात लावला नाही, साई. फोटो काढायचा, जिथला तिथे सोडायचा. तूच म्हणालास, फोटोवर नवी जात ठरत नाही, मादी स्पिरिटमध्ये घालून मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. मी आठ दिवस तुझा फोन घेतला नाही, आठवतंय? शेवटी आईच म्हणाली, दे, एक दे, त्या निमित्तानं माझं नाव राहील. बाटली तिनंच धरली. मी तिकडे विहिरीवर जाऊन उभी राहिले. आणि त्याचा पाय हलायचा थांबेपर्यंत ती बघत बसली होती.

मालनबाई: ती मादी व्हती. पोटात अंडी व्हती तिच्या.

मंजुषा: आणि त्यानंतर मला मांडवात एकही दिसली नाही. सगळा पावसाळा शोधलं. दादाशी भांडले मी, म्हटलं तूच औषध मारलंस. तो देवाची आण घेऊन सांगत होता की दोडक्यावर फवाराच घेतला नाही. मी त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाही.



मालनबाई: मंजू. गोरक्षनं नाय मारलं.

मंजुषा: मग?

मालनबाई: मीच दिल्या.

मंजुषा: काय दिल्या?

मालनबाई: ह्या डाक्टरला. सगळ्या. तू नसताना हा एकदा येऊन गेला, म्हणला अजून एखाद-दुसरी असली तर बरं. मी म्हटलं, लेकरू एवढ्या लांबून आलंय. मांडव खालून वर झाडून काढला मी. गुंडाळलेली पानं असतात ना, तिच्यात त्या पिलं घालून बसतात, तीबी खुडली. लोणच्याची बरणी भरून दिली. मला वाटलं, एवढासा किडा, एकीवर काय नाव राहील? जास्त दिल्या म्हंजे पक्कं होईल.

मंजुषा: आई!

मालनबाई: ओरडू नको. मला काय ठावं? देवाला नारळ एक दिला काय न् पाच दिले काय, पाच दिले तर जरा बघतो तरी. मला तसंच वाटलं.

मंजुषा: साई, तू घेतल्यास? अख्खी बरणी?

साई: आजींनी इतक्या प्रेमानं दिली, नको कसं म्हणणार? आणि नमुने जास्त असले तर चांगलंच असतं, शास्त्राच्या दृष्टीनं.

मंजुषा: किती वापरल्यास?

साई: दोन-तीन.

मालनबाई: अन् बाकीच्या?

साई: आहेत ना लॅबमध्ये. कपाटात. काही सुकल्या, झाकण नीट लागत नव्हतं बरणीचं.

मालनबाई: झाकण ढिलंच हाय तिचं. मी म्हटलं व्हतं तुला, फडकं बांध म्हणून.

मंजुषा: आजवर आणखी कुठे सापडलीये ही जात?

साई: अजून तरी नाही. शोधणार आहोत आम्ही. सुरगाण्याच्या बाजूला जायचं ठरतंय, तिकडे जंगल आहे, मिळायला हवी.

मंजुषा: म्हणजे ह्या मांडवाशिवाय कुठे नव्हती, आणि मांडवातल्या सगळ्या तुझ्या कपाटात सुकतायत. आणि त्यांना नाव आहे कलावती. ऊठ. उठा तुम्ही इथून.

साई: ताई, 'तुम्ही' काय म्हणता मला...

मंजुषा: मग काय म्हणू? डॉक्टर आहात तुम्ही. मोठे झालात. तुमचे पेढे उचला आणि निघा.

मालनबाई: थांब गं. त्याला एक विचारू दे मला. डाक्टर, त्या कलावतीबाई हायेत का?

साई: नाही आजी. दोन वर्षांपूर्वी वारल्या.

मालनबाई: मग त्यांना काय कळणार? मी जित्ती हाय. मला कळलं असतं. तुझ्या सरांना एवढं सुचलं नाय का? माझ्या तोंडावर एकदा कोणी म्हणलं असतं, झुंबर, हे तुझं हाय, तर मी म्हातारी एवढ्यावर खूश व्हते रे. मला ना घर पाहिजे व्हतं ना जमीन. ते सगळं आप्पांच्या न् पोरांच्या नावानं, मी कधी हू का चू केलं नाय. हे एकच मागितलं. तेबी मी नाय मागितलं, हिनं मागितलं माझ्यासाठी.

साई: पुढची नवी जात निघाली की तुमचंच नाव देतो आजी. वचन देतो.

मालनबाई: पुढची कोणाच्या मांडवात निघणार हाय? त्या बाईचं नाव दे. तिचंबी बदललं असंल.

मंजुषा: आई, चल आत. नको बोलूस ह्याच्याशी.

मालनबाई: आत जाऊन काय करू? आत गेले काय न् बाहेर बसले काय, सारखंच. गावात सांगून बसलेय मी. कुसाबाईला सांगितलं, देवळातल्या बायांना सांगितलं. त्यांचं काय, हसतील न् विसरतील. पण माझ्या भावाला काय सांगू? सहादू एकटाच राह्यलाय मला झुंबर म्हणणारा. अंथरुणाला खिळलाय पार. महिना झाला, रोज विचारतो, आलं का छापून, आलं का छापून.

मंजुषा: मामाला मी सांगेन. हळूहळू सांगू.

(मालनबाईंचा मोबाइल वाजतो.)

मंजुषा: त्याचाच आहे. नको उचलूस आत्ता.

मालनबाई: दे इकडं... हां दादा. बोल... हां, आलाय ना. समोरच बसलाय, पेढे घेऊन आलाय... छापलं तर. हो... आपलंच रे, दुसरं कुणाचं असणार?... इंग्रजीत, हां... फोटो पण हाय, लय झकास आलाय... येड्या, रडतो काय असा? म्हातारा झालास ना... बरं, अजून एकदा म्हण... हां. हां... ठेवते आता, गोळी घे वेळेवर.

मंजुषा: आई, अगं...

साई: आजी, मी तुम्हाला काय सांगू...

मालनबाई: काय बी सांगू नका दोघं. त्याला वाचता येत नाय. तेवढं एक बरं हाय.