राजाला विष कोणी दिलं?

बसा, बसा. मागे खुर्च्या आहेत, उभं नका राहू कोणी. एरवी सोसायटीच्या या हॉलमध्ये पाण्याच्या टँकरवरून मी तावातावाने बोलते. आज शोकसभेत बोलायचंय.

मी सुरेखा. अरविंद भाऊजी आणि शुभदाताई, या नवरा-बायकोच्या समोरच्या दारातली. भाऊजी गेले, आणि माझा पार गोंधळ उडालाय. दुःख तर आहेच, पण गोंधळ एका कादंबरीचा आहे. हसू आलं तर हसा बाई, मला राग नाही येणार.

आमचे हे गेले ना, त्यानंतर भाऊजी एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. पाच खंडांतला पहिला. राजे, राण्या, ड्रॅगन, दरबारातली कारस्थानं. म्हटलं, "अहो भाऊजी, या वयात ड्रॅगन?" तर म्हणाले, "वहिनी, वाचा तर खरं. आणि राजाला विष कोणी दिलं, ते मला सांगा."

काय सांगू तुम्हाला! वेड लागलं मला. गॅसवर दूध उतू जायचं, पण पुस्तक खाली ठेववत नव्हतं. नावं इतकी, की कोण कोणाचा मेव्हणा तेच कळेना. मी दारातूनच ओरडायची, "भाऊजी, हा उत्तरेचा सरदार मेलेला ना?" ते तिकडून म्हणायचे, "तो त्याचा चुलतभाऊ. मागे जा, मागे!"

मी म्हणायची, विष राजगुरूनेच दिलं. ते म्हणायचे, "छे! देवमाणूस आहे तो." रोज भांडण. जिन्यात भांडण, भाजीच्या गाडीपाशी भांडण. ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तर नाकात नळी, आणि तरी म्हणतात, "राजगुरू निर्दोष आहे, वहिनी."

काल मी पाचवा खंड संपवला. विष राजगुरूनेच दिलेलं! मी जिंकले! पुस्तक घेऊन तशीच धावले, समोरची बेल दाबली. दार शुभदाताईंनी उघडलं. तेव्हा कुठे मी भानावर आले.

मग मी त्यांनाच विचारलं, "ताई, भाऊजींनी पाचही खंड माझ्याआधी वाचलेले ना? शेवट माहीत होता त्यांना. मग इतके दिवस खोटी बाजू धरून माझ्याशी का भांडले?"

ताई म्हणाल्या, "अगं, तू दार लावून बसलेलीस. कोणाशी बोलत नव्हतीस. ते म्हणाले, चिडली तर बाहेर येईल."

आता सांगा, मी काय करू? रागावू? रडू? खरंच कळत नाहीये हो मला. कालपासून दोन्ही करतेय. इतका साधा माणूस, आणि इतकं बेमालूम खोटं बोलला! आख्ख्या दरबाराची कारस्थानं मी ओळखली, आणि माझ्यासाठी चाललेलं एक ओळखता आलं नाही मला. साधं थँक्यू म्हणायचं राहून गेलं.

शुभदाताई, तुम्ही दार लावून बसायचं नाही. सांगून ठेवते. कादंबरी तुमच्या कामाची उरली नाही, शेवट मी आत्ताच फोडला. पण भांडायला मला काहीही चालतं. उद्या सकाळी येते.

चला, उठा सगळे. भाऊजींसाठी थोडा वेळ शांत उभे राहूया.