सप्टेंबरची रेघ

—ते सगळं ठीक आहे साहेब, पण मला एक सांगा, उन्हाळ्यात वितळलेला बर्फ हिवाळ्यात परत येतो ना, तो तोच असतो की दुसरा? शाळेत विचारलं तर मास्तरांनी बाकावर उभं केलं. ताईला विचारलं तर म्हणाली, ऑफिसातून आले की सांगते — आणि आलीच नाही. तुमच्याच ऑफिसच्या जिन्यात पडली, तुम्हाला काय सांगायचं — अहो जपून, त्या पाण्यात पाय देऊ नका! फ्रीज उघडा टाकलाय मी. चार वर्षं मागे लागली होती — गावभरचे फ्रीज दुरुस्त करत हिंडतोस, बहिणीच्या फ्रीजरमध्ये उत्तर ध्रुव झालाय तो बघ की! मी म्हणायचो, होईल सप्टेंबरात आपोआप कमी. गाढवा, म्हणायची, याला ऋतू नसतात.

नकाशा ना? देतो की, तोच न्यायला आलात, कळलं मला. दर महिन्याला उपग्रहाचा फोटो बघून ती निळी रेघ मारायची, उत्तर ध्रुवाचा बर्फ कुठवर आलाय त्याची — मार्चात टम्म फुगलेला, सप्टेंबरात एवढासा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझी तंतरलीच. म्हटलं, बर्फ संपला, हिची नोकरी गेली! पळत जाऊन आईला सांगितलं, तर आईने भोकाडच पसरलं. ताई हसून हसून गडाबडा लोळली — अरे येड्या, मार्चात येतो परत! आणि इकडचा आटतो तेव्हा तिकडे दक्षिणेचा वाढतो. म्हटलं, मग पगार दोन्हीकडचा मिळतो का? तर पट्टीने हाणलं मला.

ही शेवटची रेघ? ही तिची नाही. तिची ऑगस्टपर्यंतच आहे. सप्टेंबरची मी मारली, परवा. वाकडी आहे. आणि एवढा बर्फ सप्टेंबरात नसतो, ठाऊक आहे — ओठ कशाला चावताय, हसा की! ती गेली त्या महिन्यात मी नाही कमी होऊ दिला. तुम्ही हवं तर खोडा, मला दाखवू नका म्हणजे झालं.

काय? तोच की दुसरा — तुम्हाला माहीत आहे? थांबा. नको. सांगू नका. ते ती सांगणार होती.

जा तुम्ही आता, नकाशा भिजेल. माझंही झालंच — फ्रीजर पुसून कोरडा ठणठणीत केलाय, दार उघडं ठेवलंय, प्लग काढलाय.