लसीच्या रांगेतला राजीनामा

मास्क हनुवटीला लटकवून लसीच्या रांगेत घुसलेला तो विमान कंपनीचा साहेब रांगेत उभ्या असलेल्या एका आजींच्या डोक्यातच गेला. आजींच्या पुढे उभ्या असलेल्या हवाईसुंदरीसमोर त्याने कागद धरला.

"फोन उचलत नाही, म्हणून इथं यावं लागलं."

"यात लिहिलंय, मी स्वेच्छेने राजीनामा देते. अकरा वर्षं उडतेय मी, साहेब."

"विमानं सहा महिने जागेवर उभी आहेत. माणसं कमी केल्याशिवाय कंपनी जगत नाही."

"मग कंपनीने काढलं, असं लिहा."

"कोर्टकचेऱ्या होतात, ताई."

"सही नाही केली तर?"

"उद्यापासून गेटवर पास चालणार नाही."

"मग माझी इच्छा कुठून आली यात?"

"छापील मजकूर आहे. करा सही."

आजी पुढे सरसावल्या.

"अरे साहेबा, मला सही येत नाही, मी अंगठा उठवते. पण मनगट धरून कुणी उठवून घेतला, तर त्याला जबरदस्ती म्हणतात, एवढं मलाही कळतं!"