तिच्या पावलांवरचे घट्टे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले महापौर मस्यू तेसांदिए. व्यासपीठावरच्या विश्वस्त मादाम रुस्लो. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या यामिना मेराबे. आणि केकवर डोळा ठेवून शिस्तीत बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. संग्रहालयाच्या क्युरेटरला ती प्रस्तावनेलाही पुरत नाहीत. पण यामिनाबाईंनी येतानाच बजावलंय, "लांबण लावू नका, साहेब. लोकांना भूक लागलीय."

यामिनाबाई सव्वीस वर्षं चार नंबरच्या दालनात पहाऱ्यावर होत्या. तिथे काय आहे, हे ल्वार नदीकाठच्या या गावात कुणाला सांगायला हवं? दिवाणावर पहुडलेली ती विवस्त्र बाई. डोक्याला रेशमी फेटा, हातात मोरपिसांचा पंखा, पाठ आपल्याकडे. दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच गावच्या चित्रकाराने रंगवलेली. पाटीवर लिहिलेलं, 'सुलतानाच्या जनानखान्यातली दासी'. सुलतान राहू द्या, त्या गृहस्थाने समुद्रसुद्धा पाहिला नव्हता.

एकदा शाळेची सहल आली. बाईंचा जन्म उत्तर आफ्रिकेतल्या ओरानचा, हे एका पोराला कुठून तरी कळलेलं. त्याने विचारलं, "ही तुमच्याकडची ना? तुमची आजी का?" शिक्षिका शरमेने लाल झाली. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझी कसली? तुझीच असेल. पावलं बघ तिची."

मी जवळच होतो. विचारलं, "पावलांचं काय?"

"घट्टे आहेत, साहेब. लाकडी बुटांचे. इथे आल्यावर मी सात वर्षं चीजच्या कारखान्यात तेच बूट घातले. माझ्याही पायांवर आहेत, दाखवू? गालिच्यावर लोळणारीला कुठून येणार ते? ही इथलीच. नदीवर कपडे धुणारी असेल कुणी."

यावर मी काय म्हणालो? "यामिनाबाई, चित्राला कुणी हात लावत नाही ना, एवढंच तुम्ही बघा."

त्या आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. मी भिंग घेऊन गेलो. घट्टे होते. दुसऱ्या वर्षी माझा ग्रंथ आला, त्यात 'लाकडी बूट' हे प्रकरण. पॅरिसला व्याख्यानं झाली. महापौरसाहेब, तुमच्या आधीच्या महापौरांनी मला पदकही दिलं. ग्रंथात आभारांची दोन पानं आहेत. छापखान्यातल्या मांजराचाही उल्लेख आहे. यामिना मेराबे हे नाव नाही.

मी त्यांचा शोध चोरला. पंधरा वर्षं याहून सौम्य शब्द शोधतोय, मिळाला नाही. मला लाज वाटते. बाईंनी ग्रंथ चाळला आणि एवढंच म्हणाल्या, "छान झालाय. पावलांचा फोटो जरा मोठा हवा होता."

मघाशी मी ते पदक त्यांच्यापुढे धरलं. म्हणाल्या, "नको बाई. घासत कोण बसणार?" तेव्हा ते माझ्याच खिशात आहे. पण आज सकाळी चित्राखाली नवी पाटी लागली: 'गावातली धोबीण. पावलांवरच्या घट्ट्यांवरून ओळखणाऱ्या: यामिना मेराबे, दालन चार.'

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, केक करणाऱ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर सभेने पोटात घालावं. त्या चोरीची माफी मी फक्त यामिनाबाईंकडे मागतो. ती द्यायची घाई त्यांनी करू नये.

आणि केक खाण्याआधी चार नंबरात जाऊन या. बाईंची खुर्ची तिथेच आहे, तिच्यात बसून बघा. ते घट्टे उभ्याने नजरेत भरत नाहीत. मी इतकी वर्षं उभाच होतो.